शहरी परसबाग: वर्ध्यासारख्या शहरात अन्न कसे आणि किती पिकवता येते?

वर्धा हा शेतीचा जिल्हा आहे. कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभरा ही इथली मुख्य पिके. वर्धा किंवा हिंगणघाट शहराच्या शेवटच्या लेआउटपासून चालत निघाले तरी काही मिनिटांत शेत लागते. तरीही या शहरांतल्या बहुतेक घरांत रोजची भाजी विकतच येते आणि ओला कचरा घंटागाडीत जातो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख आहे आणि तिचा जवळपास एक तृतीयांश भाग शहरांत राहतो. वर्धा आणि हिंगणघाट या दोन्ही शहरांनी तेव्हाच एक लाखाचा आकडा ओलांडला होता.

जुन्या घरांमागे परस असे. त्यात आळू, वाल, मुंगना, लिंबू, कढीपत्ता असे काहीतरी असायचेच. प्लॉट लहान झाले, अंगणात फरशी आली आणि परस गेला. तो शहरात परत आणता येईल का, आणला तर त्यातून खरोखर किती अन्न मिळेल, याचा हा आढावा.

शहरी परसबाग म्हणजे काय?

शहरातील घर, गच्ची, शाळा, दवाखाना, वसाहतीची खुली जागा किंवा सार्वजनिक उद्यान यांत खाण्यायोग्य वनस्पती पिकवणे म्हणजे शहरी परसबाग. पण ती टिकाऊ म्हणायची तर आणखी एक अट आहे. तिला लागणारे खत आणि पाणी शक्य तितके त्याच जागेतून यायला हवे. बाजारातून आणलेली माती, विकतचे खत आणि पिण्याचे नळाचे पाणी यांवर चालणारी गच्चीबाग हिरवी दिसते, पण शहरावरचा भार कमी करत नाही. स्वयंपाकघरातील ओला कचरा, अंगणातील पालापाचोळा आणि छतावरचे पावसाचे पाणी हे तिघे बागेत परतले की चक्र पूर्ण होते.

वर्ध्याचा वारसा: मगनवाडी, सेवाग्राम, पवनार

या विषयाची वर्ध्याला जुनी ओळख आहे. १९३४ च्या डिसेंबरमध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी वर्धा शहरातील आपली बाग त्यासाठी दिली. मगनलाल गांधी यांच्या नावावरून ती जागा मगनवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली. १९३५ मध्ये गांधीजी तिथे राहत असताना त्यांनी आहाराचे प्रयोग केले आणि कच्च्या पालेभाज्यांच्या उपयुक्ततेविषयी 'हरिजन'मध्ये लिहिले. मुळा, गाजर यांसारख्या भाज्यांचा जो पाला आपण सहज फेकतो, तोही त्यांच्या पानात होता. १९३८ मध्ये याच परिसरात गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय सुरू झाले.

ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी 'समतोल शेती'ची कल्पना मांडली. एखाद्या भागातील लोकांच्या समतोल आहाराला काय काय लागते हे आधी मोजावे, त्यानुसार जमीन वाटावी आणि मग उरलेल्या जमिनीत विकाऊ पिके घ्यावीत, असा तो विचार. हिशेबासाठी त्यांनी एक लाख लोकसंख्येचा गट धरला होता. आजच्या वर्धा शहराचा आकार साधारण तेवढाच आहे. कापूस आणि सोयाबीन विकून भाजी विकत आणणाऱ्या जिल्ह्यात हा विचार आजही बोचतो.

१९३६ मध्ये गांधीजी शेगाव या खेड्यात राहायला गेले. त्याच गावाचे नाव पुढे सेवाग्राम झाले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची कल्पना पुढे आली. हाताने केलेले उत्पादक काम हा शिकण्याचा पाया असावा, हे तिचे सूत्र. त्यामुळे बागकाम हा शाळेतला अभ्यासच ठरला. सेवाग्रामच्या आनंद निकेतन विद्यालयात मुले आजही भाजीच्या वाफ्यांवर मोजमाप, जीवशास्त्र आणि आहार शिकतात.

१९४६ च्या अन्नटंचाईत गांधीजींनी फुलबागांच्या जागी खाण्याची पिके घेण्याचे आवाहन केले. १९५० च्या सुमारास विनोबांनी पवनारच्या आश्रमात बैलांशिवाय, केवळ हातांनी करायच्या शेतीचा प्रयोग केला. तिला त्यांनी ऋषी-शेती म्हटले. थोड्या जागेत, हाताच्या अवजारांनी आणि जवळच्याच साधनांनी पिकवणे ही त्याची रीत शहरी बागेला थेट लागू पडते.

शेजारून आलेल्या दोन पद्धती

पहिली पद्धत नाडेप. वर्ध्याला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे गांधीवादी कार्यकर्ते नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ती विकसित केली आणि त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ती ओळखली जाते. विटांचे १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच टाके बांधतात. हवा खेळावी म्हणून भिंतींत भोके ठेवतात. आत काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणपाणी, त्यावर कोरडी चाळलेली माती, असे थर रचत टाके भरायचे आणि वरून शेणमातीने लिंपायचे. एका टाक्याला सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा लागतो, पण शेण फक्त ९० ते १०० किलो पुरते. तीन ते चार महिन्यांत जवळपास तीन टन खत तयार होते. शेण कमी आणि पालापाचोळा भरपूर, ही शहरातली स्थिती असल्याने उद्यान, शाळा आणि वसाहत यांच्यासाठी ही पद्धत सोयीची आहे.

दुसरी पद्धत कोल्हापूरकडची. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' या नावाने शेतकऱ्यांचे आणि हौशी बागकर्त्यांचे जाळे उभे केले. पालापाचोळा कुजवून कसदार माती तयार करणे, पानावर पडणारे ऊन वाया जाऊ न देणे आणि प्रत्येकाने आपल्या जागेत स्वतः मोजून प्रयोग करणे ही त्यांची शिकवण. पाच माणसांच्या कुटुंबाला १० गुंठे जमीन पुरू शकते, अशी त्यांची मांडणी होती. गच्चीवर जड मातीऐवजी उसाची चिपाडे आणि पाला वापरण्याचा मार्गही याच परंपरेतून पसरला.

जागा कुठे आहे?

*अंगण आणि कुंपण.* ही सर्वांत सोपी जागा. कुंपणावर वाल, दोडके, कारले किंवा काकडीचा वेल चढवला की जमीन जवळजवळ लागतच नाही. न्हाणीच्या पाण्यावर आळू किंवा केळ येते.

*गच्ची.* इथे पहिला प्रश्न वजनाचा. भारतीय मानकानुसार वापरात असलेल्या सपाट छतावर साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलो भार गृहीत धरतात. एक फूट जाडीची ओली माती एका चौरस मीटरवर सुमारे ५०० किलो भरते. म्हणजे मळ्यासारखी माती गच्चीवर पसरणे धोक्याचे आहे. हलके मिश्रण, वेगवेगळ्या कुंड्या आणि त्या भिंती व बीमच्या रेषेवर ठेवणे हा सुरक्षित मार्ग. जुने घर असेल, छत आधीच पाझरत असेल तर अभियंत्याला विचारल्याशिवाय गच्चीबाग करू नये.

*लेआउटची खुली जागा.* महाराष्ट्रात २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या अभिन्यासात १० टक्के जागा मनोरंजनासाठी खुली ठेवावी लागते. एक हेक्टरच्या लेआउटमध्ये ही जागा १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास १० गुंठे होते. अनेक वसाहतींत ती गाजर गवताने भरलेली असते. तिथे मुलांच्या खेळाची जागा राखून कडेने मुंगना, लिंबू, आवळा, सीताफळ अशी झाडे आणि एका कोपऱ्यात नाडेप टाके बसू शकते. मात्र ती जागा सर्वांची आहे. रहिवाशांची संमती आणि नगर परिषदेची परवानगी घेऊनच काम करावे, आणि एखाद्याने ती खासगी वाडी करू नये.

*शाळा.* केंद्र सरकारने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळेतली भाजी माध्यान्ह भोजनात वापरावी, हा त्यांचा हेतू. शहरातल्या लहान शाळेतही कढीपत्ता, पालक, मुंगना आणि सांभार एवढे होऊ शकते. खरी अडचण मे महिन्याच्या सुटीत पाणी कोण घालणार ही असते. त्यासाठी बहुवार्षिक झाडे निवडणे शहाणपणाचे.

माती आणि खत

वर्ध्याची काळी माती पाणी धरते, पण कुंडीत एकटी वापरली तर घट्ट बसते, वाळली की तडकते आणि मुळांना हवा मिळत नाही. म्हणून एक भाग काळी माती, एक भाग कुजलेले खत आणि एक भाग हलका भराव असे मिश्रण करतात. भरावासाठी इथे साधने भरपूर आहेत. सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार, रसवंतीवरची चिपाडे, बारीक केलेली पऱ्हाटी आणि कडुनिंबाचा पाला यांपैकी जे मिळेल ते चालते. पऱ्हाटी कठीण असते, त्यामुळे ती कुंडीच्या तळाला घालावी. मात्र बोंडअळीने पोखरलेली बोंडे तिच्यासोबत घरी येणार नाहीत हे पाहावे.

आता कचऱ्याचा हिशेब. लहान शहरात माणशी रोज ३०० ते ४०० ग्रॅम कचरा आणि त्यातला निम्मा ओला, हा सर्वसाधारण अंदाज धरला, तर चार माणसांच्या घरात रोज ६०० ते ८०० ग्रॅम ओला कचरा निघतो. महिन्याला ती रास २० किलोच्या आसपास जाते. कुजून त्याचे पाच-सहा किलो खत होते. दहा-बारा कुंड्यांना एवढे पुरेसे आहे. एक लाखाच्या शहरात हाच ओला कचरा रोज १५ ते २० टन होतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. परसबाग त्याला कारण देते. ज्या घरात खत लागते, त्या घरात प्लास्टिक ओल्या कचऱ्यात जात नाही.

खताच्या डब्याला वास येत असेल तर त्यात ओल जास्त आणि हवा कमी आहे असे समजावे. दर वेळी ओल्या कचऱ्यावर मूठभर कुटार किंवा वाळला पाला टाकला की वास थांबतो.

पाणी आणि ऊन: वर्ध्यातील खरी परीक्षा

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पुण्या-मुंबईच्या गच्चीबागेची पुस्तके इथे अपुरी पडतात ती यामुळेच. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर राहिले की टोमॅटोला फूल येते पण फळ धरत नाही. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळे भाजतात. पश्चिमेकडची भिंत संध्याकाळपर्यंत उष्णता फेकत राहते.

पाण्याचेही तसेच. या दिवसांत भाजीच्या एक चौरस मीटर वाफ्याला रोज सहा ते आठ लिटर पाणी लागते. दहा चौरस मीटरची बाग असेल तर मार्च ते मे या तीन महिन्यांत सहा हजार लिटरच्या वर पाणी जाते. वर्ध्याचा पाऊस साधारण १,००० मिलिमीटर धरला, तर ५० चौरस मीटरच्या छतावर पावसाळ्यात सुमारे ४०,००० लिटर पाणी अडवता येते. पण ते जूनला मिळते आणि गरज एप्रिलला असते. हजार लिटरची टाकी जेमतेम दोन आठवडे पुरते. म्हणून छताचे पाणी साठवण्यापेक्षा विहिरीत किंवा बोअरच्या पुनर्भरणाला सोडणे अधिक उपयोगाचे ठरते.

यावर साधा उपाय म्हणजे उन्हाळ्यात बाग आवरती घेणे. तांदूळ, डाळ आणि भाज्या धुतलेले पाणी साठवले तर एका घरातून रोज १५-२० लिटर सहज निघते. ते दोन-तीन चौरस मीटरला पुरते. तेवढ्याच जागेवर ५० टक्के सावलीची हिरवी नेट लावावी, मातीवर कुटाराचा किंवा पाल्याचा दोन-तीन इंच थर अंथरावा आणि पाणी सकाळी लवकर घालावे. साबणाचे किंवा भांड्यांचे तेलकट पाणी कुंडीत घालू नये.

काय लावावे?

- *पावसाळा, जून ते सप्टेंबर:* अंबाडी, चवळी, भेंडी, गवार, दोडके, कारले, काकडी, लवकी. कुंपणाला वाल. घोळ आणि तरोटा तर आपोआप उगवतात. तरोट्याची कोवळी पाने भाजीला चालतात.
- *हिवाळा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी:* हा वर्ध्याच्या परसबागेचा सुगीचा काळ. पालक, मेथी, सांभार, मुळा, गाजर, वांगी, टोमॅटो, लसूण-कांद्याची पात.
- *उन्हाळा, मार्च ते मे:* पोई म्हणजेच मायाळू, लाल माठ, सावलीत पुदिना, कढीपत्ता. नवीन लावण टाळावी, असलेली झाडे जगवावीत.
- *कायमची झाडे:* मुंगना, लिंबू, पपई, कढीपत्ता, गवती चहा.

अर्धसावलीच्या कोपऱ्यात हळद चांगली येते. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मृगात लावलेली हळद हिवाळ्याच्या शेवटी काढायला येते, आणि मधल्या काळात तिची पाने वापरता येतात.

फळभाजीला दिवसाला किमान सहा तास ऊन लागते. पालेभाजीचे चार तासांवर भागते. लावण्याआधी आपल्या जागेत ऊन किती वेळ येते हे दोन-तीन दिवस नुसते पाहणे, हे बियाणे आणण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. बियाणे आणि रोगकिडींविषयीचा सल्ला सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्रात मिळू शकतो.

किती भाजी मिळते?

जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे सुचवते. चार माणसांच्या कुटुंबाला म्हणजे दीड किलोच्या वर. पालकाचे उत्पादन हेक्टरी १० ते १५ टन धरतात. त्या हिशेबाने दहा चौरस मीटरच्या बागेतून एका हंगामात, सगळ्या कापण्या मिळून, १० ते १५ किलो पालक मिळेल. दोन महिन्यांत तो खुडला तर आठवड्यातून दोनदा पालेभाजी होते.

यावरून दोन गोष्टी कळतात. धान्य, डाळ आणि तेल यांबाबत शहर शेतावरच अवलंबून राहणार. दाभोलकरांचे १० गुंठे एका कुटुंबासाठी आहेत आणि एक हेक्टरच्या लेआउटमध्ये तेवढ्या खुल्या जागेभोवती कित्येक कुटुंबे राहतात. पण पालेभाजी, मिरची, सांभार, लिंबू, कढीपत्ता आणि मुंगना यांचा बराचसा भाग घरचा होऊ शकतो. लोह आणि जीवनसत्त्वे देणारा हाच भाग ताटात सर्वांत आधी कमी होतो, विशेषतः उन्हाळ्यात भाव चढल्यावर. कमी कमाईच्या घराला परसबागेचा फायदा पैशापेक्षा आहारात अधिक दिसतो.

शहरात भाजी पिकली तर आसपासच्या भाजीउत्पादकांचे नुकसान होईल का, असेही विचारले जाते. वरचे आकडे पाहता ती भीती फारशी खरी नाही. उलट, शहरातील ओल्या कचऱ्याचे स्वच्छ खत जवळच्या मळ्यात जाऊ लागले, तर दोघांचाही फायदा आहे.

धोके आणि काळजी

- *नाल्याचे पाणी:* सांडपाण्यावर वाढलेल्या पालेभाजीतून रोगजंतू आणि जड धातू पोटात जातात. मुंबईत रेल्वेरुळांलगतच्या भाजीविषयी हीच चिंता वारंवार व्यक्त झाली आहे. प्रक्रिया न केलेले सांडपाणी भाजीला कधीही देऊ नये.
- *रस्त्याकडेची माती:* वर्दळीच्या रस्त्यालगत, गॅरेजजवळ किंवा बांधकामाच्या मलब्यावर थेट पालेभाजी लावू नये. तिथे बाहेरून आणलेल्या मातीच्या कुंड्या वापराव्यात.
- *डास:* कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. आठवड्यातून एकदा सर्व ताटल्या आणि टाक्या रिकाम्या करून कोरड्या कराव्यात.
- *वानरे आणि मोकाट जनावरे:* वेलभाज्या आणि पपई यांचे सर्वाधिक नुकसान इथेच होते. नेट, काटेरी कुंपण आणि हळद, पुदिना, गवती चहा अशी त्यांना न आवडणारी पिके उपयोगी पडतात.
- *औषधे:* शेतात फवारायची कीटकनाशके घरच्या बागेत वापरू नयेत. निंबोळी अर्क आणि हाताने किडी वेचणे एवढ्यावर लहान बाग सांभाळता येते.

इतर शहरांनी काय केले?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सुमारे दोन कोटी घरगुती 'विजय बागा' झाल्या होत्या. त्याच काळात भारतात 'अधिक धान्य पिकवा' मोहीम निघाली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाला इंधन आणि खते मिळेनाशी झाली, तेव्हा हवाना शहरात मोकळ्या जागांवर सेंद्रिय भाजीचे मळे उभे राहिले. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातील कचऱ्यातूनच फळझाडांची आणि भाज्यांची बाग फुलवली गेली. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा आणि पर्जन्यजल संधारण करणाऱ्या घरांना मालमत्ता करात ५ ते १० टक्के सवलत देते.

या उदाहरणांत एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. युद्ध संपताच अमेरिकेतल्या बहुतेक बागा संपल्या. हवानातल्या टिकल्या, कारण तिथे जमीन, बियाणे आणि सल्ला यांची व्यवस्था शासनाने लावली होती. उत्साहावर चालणारी बाग एका उन्हाळ्यात सुकते.

वर्ध्यात सुरुवात कुठून करता येईल?

घरासाठी ऑक्टोबर हा सर्वोत्तम महिना. ऊन सौम्य असते, पाणी कमी लागते आणि पालक-मेथी महिन्या-दीड महिन्यात ताटात येते. पहिल्या वर्षी पाच-सहा कुंड्या आणि खताचा एक डबा एवढेच पुरे. पहिला उन्हाळा पार पडला की बाग वाढवावी.

वसाहतीसाठी सुरुवात झाडांपेक्षा नाडेप टाक्याने करावी. पालापाचोळा जाळणे त्यामुळे थांबते आणि वर्षभरात खत हाती येते. नगर परिषदेच्या पातळीवर तीन निर्णय उपयोगाचे ठरतील: वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याचे खत नागरिकांना सहज मिळणे, घरच्या घरी खत करणाऱ्यांना करात सवलत, आणि खुल्या जागांच्या देखभालीसाठी रहिवाशांशी लेखी करार. या तिन्हींना फार मोठा निधी लागत नाही.

थोडक्यात

शहरी परसबाग शहराचे पोट भरत नाही. ती ताटातील हिरवा भाग वाढवते, ओला कचरा घराजवळच जिरवते आणि खुल्या जागा जागत्या ठेवते. वर्ध्यात तिचे यश माती आणि बियाण्यापेक्षा एप्रिल-मेच्या पाण्यावर ठरते. म्हणून हिवाळ्यात मोठी, उन्हाळ्यात लहान आणि पावसाळ्यात वेलांची, अशी ऋतूनुसार बदलणारी बाग इथे टिकते.